नांदेडी स्क्रीन, लातुरी स्क्रीन

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी कुणावरच विश्वास ठेवत नव्हते. स्वभाव तसा आधीपासूनच संशयी. माहेर नांदेडचं, सासर लातूरचं, आणि दोन्हीकडच्या माणसांनी हे मला तोंडावर सांगितलेलं आहे. त्या वर्षी दुधात घालायलाही पाणी नव्हतं, तरी मी दूध बोटावर घेऊन बघायचे. टँकरवाल्यानं पाइप लावला की गच्चीवर जाऊन टाकीत डोकावायचे. नवरा म्हणायचा, "तू कॉम्प्युटर शिकवायला कुठं लागलीस? फौजदार व्हायचीस."

मी लातुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. पाण्यावाचून वसतिगृहं रिकामी झाली, शिकवणीची पोरं आपापल्या गावी गेली, आणि माझ्या क्लासात मशीन जास्त, माणसं कमी अशी अवस्था झाली. अशात एका कचेरीतून फोन आला. कचेरीचं नाव सांगत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेजवळची होती एवढं पुरे. तिथल्या साहेबांना माझ्याकडून एक काम करून हवं होतं.

नवा जिल्हा होणार अशी आवई तेव्हा जोरात होती. काही तालुके लातूरचे तुटणार, काही नांदेडचे, आणि मधोमध नवं मुख्यालय बसणार. हे मुख्यालय आपल्याच गावात येणार अशी साहेबांची खात्री होती, म्हणून ते आधीच तयारीला लागले होते. नांदेडच्या बाजूनं जे कॉम्प्युटर यायचे होते त्यांचा डेस्कटॉप इंग्रजीत होता. लातूरच्या बाजूच्यांवर फुकट मिळणारा, मराठी केलेला डेस्कटॉप होता. नव्या जिल्ह्यात दोन्हीपैकी एकच ठेवायचा. ज्या माणसानं जन्मात माउसला हात लावलेला नाही त्याला यातला कोणता सोपा जातो, ते माणसं बसवून बघायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम.

"तुम्ही दोन्हीकडच्या आहात," साहेब म्हणाले. "तुम्ही पक्षपात केला असं कुणी म्हणणार नाही."

मला तिथंच शंका आली. आपल्याकडे दोन्हीकडच्या बाईवर दोन्हीकडचे संशय घेतात. निकाल आधीच ठरलेला असणार आणि खाली सही करायला मी, असं मनात धरूनच मी हो म्हटलं.

कचेरीच्या हॉलमध्ये दोन मशीन शेजारी शेजारी लावली. पहिल्याच दिवशी शिपायांनी त्यांची बारशी उरकून टाकली: ही नांदेडी स्क्रीन, ती लातुरी स्क्रीन. नांदेडी स्क्रीनवर खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण होतं आणि सगळं तिथून निघायचं. चित्रं मोठी, अक्षरं इंग्रजी. लातुरी स्क्रीनवर सगळं मराठीत होतं, वर एक पट्टी होती, पण माउस लांब गेला की ती पट्टी आत सरकून लपायची.

बसणारी माणसं म्हणजे कचेरीतले शिपाई, गावोगावचे कोतवाल, रोजंदारीवरची माणसं. पहिला आलेला कोतवाल निलंग्याकडचा होता. त्यानं माउस टेबलाच्या काठापर्यंत नेला आणि हात आवरून बसला. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणाला, "टेबल संपलं म्याडम." दुसऱ्याला लपणारी पट्टी दिसेना. तो खुर्चीवरून उठला, मशीनच्या मागं जाऊन वाकून बघितलं आणि माझ्याकडे फिरून म्हणाला, "आत्ता व्हती की हितं. कुणी नेली?" पासवर्ड टाकताना ठिपके उमटले की सगळ्यांचेच चेहरे बदलायचे. आपण लिहितो एक आणि मशीन दाखवतं भलतंच, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मला हे लोक मनापासून आवडायला लागले. माझ्याच जातकुळीचे होते.

पण ते माझ्यावरही विश्वास ठेवत नव्हते. नवा जिल्हा म्हणजे बदल्या, बदल्या म्हणजे याद्या, आणि ही लातूरची बाई याद्या करायलाच आलेली आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. जो नांदेडी स्क्रीनवर चांगला चालेल त्याला तिकडं टाकणार, लातुरीवर चालेल तो इकडं राहणार. नायगावकडचा एक शिपाई होता, त्याला घराजवळ जायचं होतं. लातुरी स्क्रीनसमोर तो आंधळ्यासारखा चाचपडत बसला. "मला ह्यातलं काईच उमजंना बगा." नांदेडी स्क्रीनसमोर मात्र भराभरा माउस फिरवत, "हे कसं सोपं हाय!" म्हणून माझ्याकडे बघून हसला. मी एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" त्याला ए की बी तेही सांगता येईना.

मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की याचा बदल्यांशी काही संबंध नाही. त्यांनी अगदी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यानंतर तर आणखी सावध झाले. त्यात टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा हॉल रिकामा व्हायचा. माणूस क्लिक करता करता उठून घागरीकडे पळायचा आणि परत येईपर्यंत कुठवर आला होता ते विसरायचा.

याच हॉलच्या दाराबाहेर एका स्टुलावर एक बाई दिवसभर बसून असायच्या. कचेरीत सगळे त्यांना मावशी म्हणत. उतरत्या वयाच्या, अंगानं काटक, पदर खोचलेला. त्या दप्तरखान्यातल्या शिपाई होत्या, म्हणजे जुन्या फायलींच्या खोलीत. नवरा याच कचेरीत होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलेलं. आता त्यांना कुणी काम सांगत नव्हतं आणि घरीही जा म्हणत नव्हतं. मी पहिल्यांदा पाणी मागितलं तेव्हा त्या उठल्या, कपाटाचं कुलूप काढलं, अर्धा पेला पाणी दिलं आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. मी एका कारकुनाला विचारलं तर त्यानं आधी इकडं तिकडं बघितलं.

हकिगत अशी होती. दुष्काळाच्या कामावर सगळे कारकून गावोगाव फिरत होते, म्हणून मावशींना लातुरी स्क्रीनच्या एका कॉम्प्युटरवर बसवलेलं. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा झाल्या ते चिठ्ठीवरून बघून आकडे भरायचे, एवढंच त्यांना शिकवलं होतं. एक दिवस ती टँकरची फाईल कॉम्प्युटरवरून नाहीशी झाली. तेही अगदी तेव्हा, जेव्हा गावांतून ओरड सुरू होती की खेपा कागदावर पडतात आणि टँकर वाटेतच रिकामा होतो. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसानं येऊन तपासलं आणि सांगितलं की फाईल आपोआप गेलेली नाही. कुणीतरी हातानं पुसली आहे. मशीननं 'खात्री आहे का' असं विचारलंय, त्याला हो म्हटलंय. वर संध्याकाळी स्क्रीनवरची कचरापेटीही रिकामी केली आहे, म्हणजे परत मिळायची सोय नाही.

"आणि म्याडम," कारकून आणखी खाली आवाज करून म्हणाला, "बाईनं कबूल केलंय. लिहून दिलंय. 'फाईल मीच काढली, साहेबांनी सांगितलं म्हणून काढली.' अंगठा नाही, सही आहे."

साहेबांनी असं काही सांगितल्याचं साफ नाकारलं होतं. शिपायाला कॉम्प्युटरवर बसवण्याचा त्यांचा हुकूमही तोंडीच होता, त्यामुळं तोही झालाच नव्हता असं आता ते म्हणत होते. मावशींच्या निलंबनाचा कागद टाइप होऊन पडला होता. बाहेरून एक अधिकारी चौकशीला यायचे होते, ते आले की सही.

कचेरीत तर्क दोनच होते. एक, टँकरवाल्यानं बाईला गाठलं. दोन, साहेबांनीच बाईच्या हातून पुसून घेतलं आणि आता हात झटकले. मला दुसरा तर्क जास्त पटला, पण पहिला मी सोडलाही नाही. पाणी घेताना मी मावशींच्या हातातल्या पाटल्या निरखून बघितल्या. पितळेच्या होत्या. पितळेच्या पाटल्या घालून घरी सोन्याच्या ठेवणाऱ्या बायकाही मला माहीत होत्या.

"लई बगू नका," मावशी म्हणाल्या. "समदेच बगायलेत. ह्या मालकांनी केलेल्या हाईत, लग्नात." मालक म्हणजे त्यांचा नवरा. मग म्हणाल्या, "ही नोकरी पण त्यांचीच हाय म्याडम. माझी गेली तर लोकं म्हणतील, त्येच्या जागेवर बसली अन् चोरी केली. त्येंचं नाव जाईल." एवढं बोलून त्यांनी पेला विसळलाही नाही, कारण विसळायला पाणी नव्हतं; पदरानं पुसला आणि कपाटात ठेवला.

मला वाईट वाटलं, आणि त्याबरोबर रागही आला, की मग कबुली कशाला लिहून दिली या बाईनं?

माझं काम चालू होतं. दोन्ही स्क्रीनवर मी प्रत्येकाला तेच सांगायचे: हे पत्र उघडा, वाचा, छापा, बंद करा. क्लासातली भाषा. एक दिवस चाकूरकडचे एक कोतवाल बसले होते, पांढऱ्या मिशांचे, कचेरीच्या कामात मुरलेले. मी म्हटलं, "आता ताळेबंदाची फाईल उघडा." ते स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना थोडं मराठी वाचता येत होतं, बोट लावून लावून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे फाईल काढू व्हय?"

"हां, काढा," मी सहज बोलून गेले.

त्यांना उजव्या बटणानं उघडणारी यादी मी दाखवलेली होती. त्यांनी ती उघडली. बोट स्क्रीनवर टेकवून एकेक शब्द वाचत खाली आले आणि एका ठिकाणी थबकून खूश झाले. "हे बगा, हितं लिवलंयच. का-ढा." आणि दाबलं.

लगेच चौकट उघडली. 'ही फाईल काढायची आहे, तुम्हाला खात्री आहे का?' खाली दोन बटणं. एकावर 'रद्द करा', दुसऱ्यावर 'काढा'. कोतवालांनी मोठ्यानं वाचलं, आणि 'रद्द' हा शब्द ओठांतून निघाल्याबरोबर माउसवरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"रद्द नगं बाबा," ते म्हणाले. "मागं माझं रेशनकार्ड रद्द केलं व्हतं ह्येनी. चालू करता करता चपला झिजल्या."

मग हात पुढं करून त्यांनी जपून 'काढा' दाबलं. फाईल गेली. कोतवालांनी हात जोडून खुर्चीत बसल्याबसल्या जरा वाट बघितली, प्रिंटरकडं मान वाकडी करून डोकावले आणि मला विचारलं, "निघाली. कुठनं घ्यायची म्याडम?"

मी त्यांना चहा प्यायला पाठवलं आणि एकटीच त्या यादीकडं बघत बसले. कुठंतरी लांब बसून कुणीतरी हे मराठी केलेलं. मूळ 'काढून टाका' असणार. बटणावर जागा पुरेना म्हणून 'टाका' टाकून दिलं असणार. आता इकडं कोणत्याही कचेरीत जा. साहेब घंटी वाजवतो आणि म्हणतो, "अमक्याची फाईल काढा." म्हणजे कपाटातून बाहेर काढा, धूळ झटका, टेबलावर आणून ठेवा. फाईल काढणे म्हणजे फाईल नष्ट करणे, असा अर्थ आमच्याकडच्या एकाही कचेरीत कुणी घेतला नसता. आणि 'रद्द' हा तर सगळ्या सरकारी शब्दांतला सर्वांत वाईट शब्द. अर्ज रद्द, कार्ड रद्द, नाव रद्द. मला स्वतःला इतकी वर्षं हे दिसलं नव्हतं, कारण मी इंग्रजीतून शिकले होते आणि मराठी बटणांकडं नीट कधी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर मी सांगण्याची भाषा बदलली. प्रत्येकाला दोन्ही स्क्रीनवर बसवून एवढंच म्हणायचं, "फाईल काढा." लातुरी स्क्रीनवर बहुतेकांनी ती पुसली आणि खुशीत माझ्याकडं बघितलं. नांदेडी स्क्रीनवर एकानंही पुसली नाही. तिथं यादी इंग्रजीत होती, हात तिच्यावर येऊन थांबायचा आणि माणूस विचारायचा, "म्याडम, ह्यातलं कोन्चं?" परकी अक्षरं बघून ते सावध व्हायचे, आपली अक्षरं बघून निर्धास्त. नायगावकडच्या त्या शिपायालाही मी बसवलं. बदलीचं सोंग करायचं विसरून त्यानं लातुरी स्क्रीनवर पटकन 'काढा' दाबलं.

तरीही माझा संशय मिटला नव्हता. मी दाराबाहेर गेले आणि मावशींच्या समोर उकिडवी बसले.

"मावशी, त्या दिवशी साहेब नेमकं काय म्हणाले?"

"टँकरची फाईल काढा, म्हणले."

"मग?"

"मंग काढली."

"काढली म्हणजे काय केलं?"

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू विचारत होत्या, ही बाई शिकलेली आहे की नाही. "काढली म्हंजे काढली. तितं 'काढा' लिवलंय, ते दाबलं. त्यानं खात्री इचारली, म्हटलं हाव. रद्द कशाला करू? साहेबांचा हुकूम हाय."

"पण फाईल दिसेनाशी झाली, तेव्हा घाबरला नाहीत?"

"कामून घाबरू? कपाटातून फाईल काढली की जागा मोकळीच दिसती की. मला वाटलं, गेली साहेबांच्या मशीनवर."

"आणि कचरापेटी?"

"ती रोज रिकामी करायची असती. भितीवर नोटीस हाय. इतकी वर्सं मीच करते. स्क्रीनवरली भरल्याली दिसली, ती बी केली." आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग आला. "दुसऱ्या दिवशी साहेब म्हणले फाईल कुठंय. म्या म्हटलं, कालच काढली की. तवापसून समदे माझ्या अंगावर यायलेत. अन् म्या खरं तेच लिवून दिलं."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी उठून गेले असते. रडण्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं की फाईल नष्ट झाली ती त्यांच्याच हातून. त्यांना वाटत होतं, आपण काढून दिली आणि पुढं साहेबांकडून हरवली. मी त्यांना हळूहळू सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे म्याच केलं."

मी तडक साहेबांकडं गेले. त्यांनी ऐकलं, पण त्यांचा चेहरा मी ओळखला. हे मान्य करायचं तर आधी मान्य करावं लागणार होतं की शिपायाला मशीनवर त्यांनीच बसवलं आणि 'फाईल काढा' हेही तेच म्हणाले.

"तुम्हाला स्क्रीन तपासायला बोलावलंय म्याडम," ते म्हणाले. "माणसं तपासायला नाही." आणि त्यांनी टेबलावरचा कागद उचलून वाचायला घेतला.

चौकशीचे अधिकारी आले ते उतारवयाचे गृहस्थ. स्वतःचं पाणी स्वतःच्या कॅनमध्ये घेऊन आलेले, आणि कॅन खुर्चीखाली दोन्ही पायांच्या मधे ठेवून बसलेले. मला ते पाहून जरा आशा वाटली. त्यांनी मावशींची कबुली वाचली, मशीनवाल्याचा कागद वाचला, आणि चष्मा काढला. त्यांचं काम संपत आल्यासारखं दिसत होतं. मी आत जाऊन नमस्कार केला आणि माझं काम काय ते सांगितलं.

"साहेब, माझ्या तपासणीत अजून एकही अधिकारी बसलेला नाही. आपण कॉम्प्युटर वापरता का?"

"मी कागदावरचा माणूस," ते म्हणाले. "मला कशाला त्यात ओढता?" माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जणू मला कुणीतरी पढवून पाठवलंय.

"कागदावरचाच हवा आहे. जेवणाला अजून वेळ आहे."

कचेरीच्या साहेबांनी मधे पडायचा प्रयत्न केला. तोच टँकरचा हॉर्न वाजला, सगळे पळाले, आणि साहेबांनाही खिडकीतून ओरडून रांग लावावी लागली. तेवढ्यात चौकशीचे अधिकारी कॅन हातात घेऊन हॉलमध्ये आले. मावशी दारात उभ्या राहिल्या. मी लातुरी स्क्रीनवर एक फाईल करून ठेवली होती, तिला नाव दिलं होतं 'चौकशी'. माउस कसा धरायचा, उजव्या बटणानं यादी कशी उघडते, एवढं सांगितलं. त्यांना आधी वास लागला तर सगळं मुसळ केरात, आणि मावशी घरी.

मग घंटी वाजवणारे साहेब जसे बोलतात तसं मी बोलले. "चौकशीची फाईल काढा साहेब."

त्यांनी यादी उघडली. वरून खाली वाचत आले. 'उघडा' हा शब्द त्यांनी वाचला आणि ओलांडला. 'काढा'वर आले आणि दाबलं. चौकट उघडली तसे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "खात्री कसली विचारतंय? आणि रद्द काय म्हणून करायची चौकशी?" त्यांनी दुसरं बटण दाबलं.

फाईल गेली. ते स्क्रीनकडं बघत राहिले, मग टेबलाकडं, मग माझ्याकडं.

"कुठं गेली?"

मी उत्तर द्यायच्या आत दारातून मावशी म्हणाल्या, "कचरापेटीत असंल साहेब. अजून रिकामी केली न्हाई कुणी."

अधिकाऱ्यांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे माझ्यावर उखडणार, आणि ते उखडलेच. "फसवून बसवलंत मला," म्हणाले. मी म्हटलं, "होय." मग त्यांनी मावशींना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "बाई, फाईल काढा म्हटलं की तुम्ही काय करता?"

"कपाटातून काढते, झटकते, साहेबांच्या टेबलावर ठेवते."

त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. निलंबनाच्या कागदावर सही झाली नाही. गावोगावच्या चिठ्ठ्यांवरून टँकरची फाईल पुन्हा भरून काढली गेली, आणि मावशी दप्तरखान्यात परत रुजू झाल्या.

मी मात्र जास्त आनंद मानू शकले नाही, कारण बाहेरची तोंडं कोण बंद करणार? चहाच्या टपरीवर मी कानांनी ऐकलं, "चौकशीच्या साहेबालाही पोचलं असणार." कुणी म्हणे, लातूरची ती बाईही त्यातलीच. माझ्यावर आळ आला याचं मला नवल वाटलं नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

माझा अहवाल मी दिला. लातुरी स्क्रीन ठेवा, असंच लिहिलं, कारण आपल्या माणसाला वाचता येईल अशी स्क्रीन हवी. फक्त ती पट्टी लपू देऊ नका आणि दोन शब्द बदला. 'काढा'च्या जागी 'पुसून टाका' लिहा, आणि 'रद्द करा'च्या जागी 'राहू द्या'. 'राहू द्या' म्हणायला कुणाचा हात अडणार नाही. साहेबांनी अहवाल ठेवून घेतला. नवा जिल्हा काही झाला नाही. तालुके जिथल्या तिथं राहिले, दोन्ही स्क्रीन जिथल्या तिथं राहिल्या, आणि तो एक शब्दही तसाच राहिला.

पुढल्या पावसाळ्यानंतर मी त्या बाजूला गेले होते, तेव्हा मुद्दाम कचेरीत डोकावले. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी मावशींना पुन्हा मशीनवर बसवलं होतं, आणि या वेळी लेखी हुकूम काढून. मला मनापासून बरं वाटलं. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि बघितलं तर समोर नांदेडी स्क्रीन. सगळी इंग्रजी. मावशी एकेक आकडा टाकत होत्या, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या पोरसवदा कारकुनाला विचारत होत्या, "हे दाबू का? आता हे दाबू का?"

मला रागच आला. "मावशी, लातुरी मशीन ते समोर मोकळं आहे. तुम्हाला मराठी चांगलं वाचता येतं. मी आत्ता मागून घेते साहेबांकडून."

"मीच मागून घेतली ही," मावशी म्हणाल्या. त्यांनी आधी आकडा पुरा केला, मग खुर्ची माझ्याकडं वळवली.

"ह्येच्यावरलं मला काई वाचता येत न्हाई म्याडम, अन् ते समद्या कचेरीला ठावं हाय. उद्या काई गेलं तर बाईनं वाचून केलं असं तरी कुणी म्हणणार न्हाई."